रणरंगभीमाच्या घरची लक्ष्मी

मालखेड आणि बसवकल्याण ही दोन गावे आज कर्नाटकात आहेत. पहिले कलबुरगी जिल्ह्यातील सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी वसले आहे, दुसरे बीदर जिल्ह्यात आहे. राष्ट्रकूटांचे मान्यखेट ते हे मालखेड, आणि उत्तरकालीन चालुक्यांचे कल्याण ते हे बसवकल्याण. नवव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक राजकुळांची दृष्टी याच दोन ठिकाणांकडे लागलेली असे. कर तिकडे जाई, सैन्य तिकडे जाई, सोयरिकी तिकडून ठरत. असे असूनही यादवांचा इतिहास सांगताना आपण बहुधा देवगिरीच्या तटावर उभे राहतो आणि तेथून मागे पाहतो. त्यामुळे घराण्याची पहिली तीनशे वर्षे केवळ उदयाची तयारी वाटू लागतात. प्रत्यक्षात ती मांडलिकीची वर्षे होती, आणि त्या मांडलिकांना आपण पुढे सार्वभौम होणार आहोत याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. मान्यखेट आणि कल्याण येथे उभे राहून त्यांच्याकडे पाहिले, तर निराळेच चित्र दिसते. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच पुरुषाचा, भिल्लम दुसरा याचा, मुख्यत्वे विचार करावयाचा आहे.

यादवांचा मूळ प्रदेश सेऊणदेश. आजचा नाशिक जिल्हा, अहिल्यानगर जिल्ह्याचा उत्तर भाग आणि खानदेशाचा काही भाग एवढी त्याची व्याप्ती स्थूलमानाने सांगता येते. दृढप्रहाराने चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुधा आजचे चांदवड, येथे घराण्याचा पाया घातला आणि त्याचा पुत्र सेऊणचंद्र याच्या नावावरून प्रदेशाला नाव मिळाले. यानंतरच्या चार-पाच पिढ्यांविषयी वंशावळीपलीकडे फारसे सांगण्यासारखे नाही. वद्दिग राजापाशी मात्र थांबले पाहिजे. हा राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा अनुयायी होता, आणि धोरप्पा नामक राष्ट्रकूट राजपुरुषाची कन्या त्याने वरली होती. कृष्णाने इ. स. ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्या काळी दक्षिणेत त्याच्या तोडीचा राजा नव्हता. अशा सम्राटाचा मांडलिक असणे यात कमीपणा नव्हता. उलट पंचमहाशब्दांचा मान, म्हणजे पाच मंगलवाद्ये वाजविण्याचा अधिकार, मिळालेला सामंत आपल्या प्रत्येक ताम्रपटात तो आवर्जून नोंदवीत असे.

इ. स. ९६७ मध्ये कृष्ण वारला आणि पुढच्या सहा वर्षांत हे सारे कोसळले. धाकटा भाऊ खोट्टिग गादीवर आला. माळव्याचा परमार राजा सीयक याने नर्मदेकाठी खलिघट्ट येथे त्याच्या सैन्याशी झुंज दिली आणि इ. स. ९७२ मध्ये खुद्द मान्यखेट लुटले. या लुटीचे वर्ष आपल्याला राजकीय लेखातून मिळत नाही, एका कोशातून मिळते. धनपाल पंडिताने 'पाइयलच्छी' हा आपला प्राकृत कोश माळव्याच्या सैन्याने मान्यखेट लुटले त्या वर्षी, विक्रम संवत १०२९ मध्ये, रचल्याचे नमूद केले आहे. पुष्पदंताने जेथे बसून अवघ्या सात वर्षांपूर्वी, इ. स. ९६५ मध्ये, आपले अपभ्रंश 'महापुराण' पुरे केले होते, तेच हे नगर. एका नगराचे वैभव एका पंडिताच्या ग्रंथसमाप्तीने आणि त्याचा विध्वंस दुसऱ्याच्या ग्रंथसमाप्तीने आपल्याला कळावा, हा योग विलक्षण आहे.

खोट्टिगानंतर त्याचा पुतण्या कर्क आला. पुढच्याच वर्षी, ९७३ मध्ये, त्याला तैलप चालुक्याने पदच्युत केले. हा तैलप कोण? तर विजापूरकडील तर्दवाडी प्रांतावर तिसऱ्या कृष्णाने नेमलेला सामंत. आणि मान्यखेट लुटणारा सीयक कोण? तोही मूळचा राष्ट्रकूटांचाच सामंत, त्याच्या इ. स. ९४९ च्या हरसोल ताम्रपटांत राष्ट्रकूट सम्राटाचा उल्लेख आहे. सीयकाचा पुत्र मुंज याने तर 'अमोघवर्ष' आणि 'पृथ्वीवल्लभ' ही राष्ट्रकूटांची बिरुदे स्वतःस लावून घेतली. ज्या दोन सत्तांच्या कात्रीत सेऊणदेश सापडला, त्या दोन्ही एकाच दरबारातून उठलेल्या होत्या. दोघांनाही मान्यखेटचा वारसा हवा होता. काल ज्यांच्याबरोबर सम्राटाच्या सभेत एका पंक्तीला बसावयाचे, त्यांपैकी आज कोणापुढे वाकावयाचे, असा प्रश्न भिल्लमापुढे होता.

नकाशा समोर ठेवला म्हणजे या प्रश्नाची धार कळते. धारेहून दक्षिणेस येणाऱ्या सैन्याला नर्मदा आणि तापी ओलांडून खानदेशात उतरावे लागते, तेथून घाट चढून गोदावरीकडे यावे लागते. ही वाट सेऊणदेशाच्या अंगणातून जाते. मुंजाने दक्षिणेवर जितक्या स्वाऱ्या केल्या असतील, तितक्यांदा भिल्लमाच्या रयतेची पिके तुडविली गेली असली पाहिजेत. तटस्थ राहण्याची सोय या मांडलिकाला नव्हतीच. मुंजाला वाट द्यावी, तर तैलपाचा रोष. अडवावी, तर पहिला घाव आपल्यावर. तैलपाच्या बाजूनेही अडचण होती. दक्षिणेस चोळांचे बळ वाढत होते, ९८५ मध्ये राजराजासारखा कर्तबगार पुरुष तेथे गादीवर आला. एकाच वेळी दोन सरहद्दी सांभाळणे तैलपाला जड जात असणार. उत्तरेचे दार राखणारा सामंत त्याला हवा होता. ही गरज भिल्लमाने अचूक ओळखली असे मला वाटते.

मुंजाचा शेवट कसा झाला, त्याची कथा मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या आरंभी 'प्रबंधचिंतामणी'त सांगितली आहे. गोदावरी ओलांडू नका, असे मंत्री रुद्रादित्याने विनविले असता मुंजाने ते मानले नाही. तो पराभूत होऊन तैलपाच्या बंदिवासात पडला. तैलपाच्या बहिणीवर, मृणालवतीवर, जडलेल्या प्रेमापायी पळून जाण्याचा बेत फुटला आणि अखेर त्याचा वध झाला. कन्हैयालाल मुनशींच्या 'पृथिवीवल्लभ' या गुजराती कादंबरीने ही कथा घरोघर नेली. तीत भिल्लमही एक पात्र म्हणून वावरतो. कथेतील शृंगार बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात: गोदावरी ही त्या वेळची सरहद्द होती, आणि मुंज तैलपाच्या हाती सापडून मेला. काळही बऱ्यापैकी ठरविता येतो. अमितगतीने आपला 'सुभाषितरत्नसंदोह' विक्रम संवत १०५० मध्ये, म्हणजे इ. स. ९९३-९४ च्या सुमारास, मुंज राज्य करीत असताना पुरा केला. तैलप ९९७ च्या सुमारास वारला. त्या तीन-चार वर्षांतच हा प्रसंग घडला.

मेरुतुंगाच्या कथेत सेऊणदेशाच्या राजाला स्थान नाही. त्याचे म्हणणे ऐकावयाचे तर संगमनेरचा ताम्रपट वाचला पाहिजे. कीलहॉर्न यांनी संपादिलेला हा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा आहे. भिल्लमाने स्वतःच्या 'विजयाभरण' या बिरुदावरून विजयाभरणेश्वर नावाचे शिवमंदिर संगमनेर येथे बांधले, त्याला दान दिल्याचा हा लेख. त्यातील प्रशस्तीत एक श्लोक असा आहे की, त्याचा भावार्थ सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. राजलक्ष्मीने मुंजाला साह्य केले, हा तिचा अपराध. म्हणून भिल्लमाने रणांगणात मुंजाचे बळ चिरडले आणि त्या लक्ष्मीला रणरंगभीमाच्या घरी पतिव्रतेचे व्रत आचरावयास लावले. रणरंगभीम म्हणजे आहवमल्ल तैलप. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच.

श्लोक वरवर पाहता रूढ साच्यातला आहे. लक्ष्मी चंचल असते, ती वीराला वरते, हे संकेत संस्कृत प्रशस्तीकारांना पाठ होते. परंतु या लक्ष्मीचा मागचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. विदिशेजवळच्या उदयपूर येथील परमारांच्या प्रशस्तीत सीयकाविषयी असे म्हटले आहे की, त्याने खोट्टिगाची लक्ष्मी युद्धात हिरावून आणली. तेव्हा हीच लक्ष्मी प्रथम मान्यखेटला खोट्टिगाच्या घरी होती. तेथून ती माळव्यात गेली. आणि तेथून भिल्लमाने ती तैलपाच्या घरी आणून बसविली. परमारांचा कवी पहिला प्रवास सांगतो, यादवांचा कवी दुसरा. वद्दिगाने ज्या कृष्णराजाची सेवा केली, त्याचे घर आणि रणरंगभीमाचे घर ही दोन निराळी घरे आहेत, आणि पहिले घर ज्याने बुडविले तोच दुसऱ्याचा धनी आहे. याची वाच्यता करण्याची गरज संगमनेरच्या कवीला वाटली नाही. निष्ठा बदलल्याचा दोष कोणावर तरी यावयास हवा होता. तो त्याने लक्ष्मीवर टाकला. चंचल ती, व्रत तिने पाळावयाचे. सामंत मात्र पहिल्यापासून स्थिरच आहे! प्रशस्तीकार राजाचा भाट असतो हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, पण तो कधी कधी राजाचा वकीलही असतो, हे सांगावयाचे राहून जाते.

याच्या शेजारी दुसरा एक ताम्रपट ठेवावासा वाटतो. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याचा भादाणे येथील ताम्रपट शके ९१९ चा, म्हणजे इ. स. ९९७ चा आहे. संगमनेरच्या लेखाहून तो तीनच वर्षांनी जुना. तैलपाने मान्यखेट घेतल्याला तोवर चोवीस वर्षे लोटली होती. तरीही अपराजिताने आपल्या लेखात नष्ट झालेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आहे आणि रट्टांचे राज्य आता केवळ आठवणीपुरते उरले, अशी हळहळ व्यक्त केली आहे. नव्या सम्राटाला त्याने धनी म्हणून मानले नाही. असे लेख विरळा. मेलेल्या धन्याचे नाव ताम्रपटात घेतल्याने काही मिळावयाचे नसते, गमवावयाचे मात्र बरेच असते. अपराजितानेही ते गमावले: तैलपाचा पुत्र सत्याश्रय याने कोकणावर स्वारी करून त्याला समुद्रापर्यंत रेटले, असे कन्नड कवी रन्नाच्या काव्यावरून दिसते.

भिल्लमाची राणी लक्ष्मी (ताम्रपटांत तिचे नाव लस्थियव्वा असेही येते) ही याच शिलाहार कुळातील झंझ राजाची कन्या, आणि राष्ट्रकूट कुळाशीही तिचे नाते सांगितले जाते. एका घरात लक्ष्मी नावाची राणी गेलेल्या धन्यांशी रक्ताचे नाते बाळगून आहे, आणि त्याच घरचा कवी दुसऱ्या लक्ष्मीला नव्या धन्याशी एकनिष्ठ राहण्याची शिकवण देत आहे. कवीच्या मनात हा श्लेष होता की नाही, कोण सांगणार?

अपराजित निष्ठावंत आणि भिल्लम संधिसाधू, असा निवाडा करण्याचा मोह येथे होतो. तो मला मान्य नाही. अपराजिताच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत होती, पश्चिमेस समुद्र आणि त्यावरील व्यापाराचे उत्पन्न होते; काही वर्षे कोणालाच धनी न मानता राहणे त्याला परवडले. भिल्लमाचा देश हमरस्त्यावर होता. शिवाय त्याने जी लढाई तैलपाची सेवा म्हणून मिरविली, ती मूलतः त्याच्या स्वतःच्या गावांच्या रक्षणाची होती. स्वतःचे संरक्षण करावयाचे आणि त्याचे श्रेय धन्याच्या खात्यावर जमा करून त्याबद्दल मान घ्यावयाचा, हे मांडलिकाचे कौशल्य. बाहेरच्या जगातही याला तोड आहे. रोम आणि पार्थिया यांच्यामधील आर्मेनियाचा राजा तिरिदात हा पार्थियाच्या राजाचा भाऊ, पण इ. स. ६६ मध्ये त्याने रोमला जाऊन नीरोच्या हातून मुकुट घेतला. नाते एकीकडे, मुकुट दुसरीकडचा. त्यामुळे त्याचे राज्य टिकले. भिल्लमाचे नातेसंबंध मान्यखेटच्या जुन्या धन्यांशी आणि सेवा नव्या धन्याची, हा त्याच जातीचा प्रकार. फरक इतकाच की, तिरिदाताच्या मागे नात्यातले साम्राज्य जिवंत होते, भिल्लमाच्या मागचे मेलेले होते.

आता वादाच्या विषयाकडे वळतो. यादव मूळचे कानडी की मराठी, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. धाडियप्पा, राजुगी, वद्दिग, लस्थियव्वा ही नावे, 'सेल्लविदेग'सारखी बिरुदे आणि पुढील काळातील मोठ्या संख्येने मिळणारे कन्नड शिलालेख यांच्या आधारे श्रीनिवास रित्ती यांनी इ. स. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेऊणांवरील ग्रंथात हे घराणे कानडी ठरविले. मराठी अभ्यासकांनी उलट बाजू मांडली. मला वाटते, नावांचा पुरावा दोन्ही पक्ष ज्या कामाला लावतात, त्या कामाचा तो नाहीच. मान्यखेटच्या दरबारात सन्मान हवा असेल, तर त्या दरबारात शोभेल असे नाव आणि बिरुद हवे. राणी तिकडची असेल, तर मुलांची नावे तिकडच्या वळणावर जाणे ओघानेच आले. पेशवाईच्या काळात मराठे सरदारांनी फारसी किताब अभिमानाने लावले. त्यांवरून त्यांची घरची भाषा कोणी ठरवीत नाही. ही नावे फार तर एवढे सिद्ध करतात की, या कुळाचा धनी कोठे राहत होता. मूळच्या घरभाषेविषयी ती होकाराने वा नकाराने काही सांगत नाहीत.

भाषेच्या सीमाही तेव्हा आजच्यासारख्या आखलेल्या नव्हत्या. नवव्या शतकाच्या मध्यास अमोघवर्षाच्या आश्रयाने झालेल्या 'कविराजमार्गा'त कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. इकडे कल्याणच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मराठी गीतांच्या ओळी आल्या आहेत. मराठीच्या आद्य वाङ्मयाचा विचार करताना आपण त्या आदराने उद्धृत करतो. त्या कल्याणच्या राजवाड्यात जतन झाल्या, हे मात्र विसरतो. त्याच परिसरातील, कलबुरगी जिल्ह्यात चितापूरजवळच्या नागावी येथील इ. स. १०५८ च्या शिलालेखात एका घटिकास्थानाची व्यवस्था दिली आहे. वेदांचे दोनशे विद्यार्थी, शास्त्रांचे बावन्न, आणि ग्रंथभांडार सांभाळणारे सहा सरस्वतीभांडारिक. शिक्षकवर्गातील वाचकांना ही शेवटची संख्या हेवा वाटावा अशीच आहे. कल्याणकडे सामंतांचे डोळे लागत ते केवळ तलवारीच्या धाकाने नव्हे.

भिल्लमाने घालून दिलेला शिरस्ता पुढच्या पिढ्यांनी पाळला. त्याचा नातू तिसरा भिल्लम याने चालुक्य जयसिंहाची कन्या हम्मा वरली. पूर्वी राष्ट्रकूटांकडून राणी आली, आता चालुक्यांकडून. माळव्यात तोवर भोज गादीवर आला होता आणि इ. स. १०२० च्या त्याच्या ताम्रपटांत कोकणविजयाचा उत्सव नोंदलेला आहे. म्हणजे उत्तरेचे संकट तसेच होते, आणि सेऊणदेशाचे मोलही तसेच. पुढे कल्याणच्या गादीसाठी दोन भावांतच कलह लागला. मोठा सोमेश्वर गादीवर होता, धाकटा विक्रमादित्य तिच्यावर डोळा ठेवून होता. सोमेश्वराने कुलोत्तुंग चोळाशी सख्य केले. या वेळी सेऊणचंद्र दुसरा याने धाकट्याची बाजू घेतली. ही पैज सोपी नव्हती. विक्रमादित्य हरता, तर सेऊणदेश उरला नसता. तो जिंकला, आणि इ. स. १०७६ मध्ये त्याने स्वतःचा शकही सुरू केला. हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडातील प्रशस्तीत, सेऊणचंद्राने शत्रूंच्या घेऱ्यातून परमर्दिदेवाला, म्हणजे विक्रमादित्याला, सोडवून कल्याणच्या राज्यावर बसविले, असे म्हटले आहे. सेवकाने धन्याला गादीवर बसविले, असे सांगण्याइतका धीर हेमाद्रीला आला, कारण तो तेराव्या शतकात लिहीत होता. तेव्हा कल्याण यादवांच्याच राज्यात होते.

ते तसे कसे झाले, ही हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास मंगळवेढ्याच्या कलचुरी बिज्जळाने, तोही एक सामंतच, कल्याण बळकावले; चालुक्य चौथ्या सोमेश्वराने ते काही वर्षांपुरते परत मिळविले; आणि ११८७ च्या सुमारास पाचव्या भिल्लमाने त्याला तेथून हुसकावले. दोनशे वर्षांपूर्वी तैलपाने मान्यखेटात केले, तेच त्याच्या वंशजाच्या वाट्यास कल्याणात आले. भिल्लमाला दक्षिणेत होयसळ बल्लाळाकडून सोरटूर येथे हार खावी लागली, तरी कल्याणवरील यादवांची पकड सुटली नाही. संगमनेरच्या कवीने लक्ष्मीला ज्या घरी एकनिष्ठ राहावयास सांगितले होते, त्या घरातून तिला बाहेर काढणारा त्याच्याच नायकाच्या कुळातला, त्याच नावाचा राजा निघाला.

या कुळाचा शेवटचा थोर राजा रामचंद्र. त्याला इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने लुटले, १३०७ च्या सुमारास मलिक काफूरने धरून दिल्लीस नेले, आणि तेथून तो 'राय रायान' हा किताब घेऊन देवगिरीस परतला. १३११ मध्ये काफूरची फौज होयसळांच्या द्वारसमुद्राकडे निघाली, तेव्हा तिला देवगिरीत दाणागोटा मिळाला, आणि यादवांच्या दक्षिण सरहद्दीवरील अधिकारी परशुराम दळवी याने तिला पुढची वाट दाखविली. अमीर खुस्रोने त्याचे नाव नोंदवून ठेवले आहे. वाट दाखविणाऱ्या धन्याची प्रशस्ती लिहावयास मात्र त्या वेळी कोणी संस्कृत कवी पुढे आलेला दिसत नाही.